आईकडून बाळाकडे : वारेतून होणारा खनिजांचा प्रवास

आईचेच रक्त बाळाच्या अंगात फिरते, असा समज अजूनही पुष्कळ ठिकाणी आढळतो. वास्तविक दोघांचे रक्तप्रवाह वेगळे असतात आणि त्यांच्यामध्ये वारेतील (वार म्हणजे प्लासेंटा, गर्भाशयात बाळाला नाळेने जोडलेला अवयव) पेशींचा एक पातळ थर असतो. प्राणवायू या थरातून सहज पार होतो, पण खनिजांना तशी मोकळीक नसते. त्यांना ओळखून पलीकडे पोचवणारी प्रथिने तेथे असावी लागतात.

लोहाची व्यवस्था विशेष पाहण्यासारखी आहे. मोकळे लोह पेशींना घातक असल्यामुळे आईच्या रक्तात ते ट्रान्सफेरिन या प्रथिनाला बांधलेले असते. वारेच्या आईकडील पृष्ठभागावरची ग्राही प्रथिने हे ट्रान्सफेरिन धरून पेशीत ओढून घेतात, आतल्या आम्लधर्मी पुटिकेत (सूक्ष्म पिशवीत) लोह सुटे होते आणि फेरोपोर्टिन नावाच्या प्रथिनातून ते गर्भाच्या बाजूला उतरते. रिकामे झालेले ट्रान्सफेरिन मात्र आईच्या रक्तात परत जाते. संपूर्ण गर्भारपणात सुमारे 1000 मिलिग्रॅम लोह लागते. त्यातले साधारण 300 मिलिग्रॅम गर्भ व वार यांच्या वाट्याला येते, उरलेल्यातला बराच भाग आईचे स्वतःचे रक्त वाढण्यात खर्च होतो. या काळात आईच्या शरीरातील हेपसिडिन हे संप्रेरक घटते, त्यामुळे आतड्यातून लोहाचे शोषण वाढते. आईला रक्तक्षय असला तरी बाळ आपला वाटा काही प्रमाणात मिळवतेच, परंतु तो तीव्र असेल तर बाळाचा साठाही अपुरा राहतो.

कॅल्शियमची गोष्ट निराळी आहे. गर्भाच्या रक्तात त्याचे प्रमाण आईच्या रक्तापेक्षा जास्त असते, म्हणजे वारेला ऊर्जा खर्चून ते चढावर ढकलावे लागते. पूर्ण दिवसांच्या बाळात सुमारे 30 ग्रॅम कॅल्शियम असते आणि त्यातले जवळजवळ चार पंचमांश शेवटच्या तिमाहीत जमा होते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची हाडे कमजोर असण्याचे एक कारण हेच. आईचे आतडे या काळात जवळपास दुप्पट कॅल्शियम शोषते. बाळ आईच्या दातांतले कॅल्शियम ओढून घेते, हे मात्र खरे नाही. गर्भारपणात दात बिघडतात ते हिरड्यांची सूज आणि वारंवारच्या उलट्यांमुळे.

वारेची ही निवड निर्दोष नाही. शिसे तिला अडवता येत नाही, आणि आईच्या हाडांत पूर्वी साठलेले शिसेही गर्भारपणात रक्तात उतरून बाळापर्यंत पोचू शकते.

सरकारी कार्यक्रमात गर्भवतीला रोज 60 मिलिग्रॅम लोह व 500 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असलेली गोळी देतात. कॅल्शियम लोहाच्या शोषणात अडथळा आणत असल्यामुळे कॅल्शियमची गोळी व ही गोळी एकाच वेळी घेऊ नये. चहाही लोहाच्या गोळीपासून दूरच बरा. जन्मानंतर नाळ लगेच न कापता निदान एक मिनिट थांबल्यास वारेत उरलेले रक्त, आणि त्याबरोबरचे लोह, बाळाला मिळते. पुढच्या काही महिन्यांच्या साठ्यात ही भर मोलाची ठरते.