स्वरविकार

आवाजाचा पोत, पट्टी, जोर किंवा टिकाव बिघडणे याला स्वरविकार म्हणतात. तोतरेपणा व उच्चारदोष यांत मोडत नाहीत.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात स्वरभेदाचे (आवाज बसण्याचे) सहा प्रकार सांगितले असून कारणांत अतिशय मोठ्याने बोलणे, अध्ययन (म्हणजे मोठ्याने पठण) आणि आघात यांची गणना आहे. संहितेचा काळ अनिश्चित आहे. उत्तरतंत्र ही नंतरची भर असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. तरीही आवाजावर पोट असणाऱ्यांचा विकार इतक्या लवकर नोंदला जावा, हे महत्त्वाचे आहे. जिवंत माणसाचे स्वरयंत्र आरशात पाहण्याची रीत गायनशिक्षक मॅन्युएल गार्सिया यांनी १८५४ मध्ये शोधली आणि कारणे वेगळी करणे शक्य झाले.

बोलताना पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला साधारण १००–१३० वेळा, तर स्त्रीचे २०० च्या आसपास वेळा एकमेकांवर आदळतात. शिक्षिका व गायिका यांच्यात स्वरतंतूंवर गाठी अधिक दिसण्याचे एक कारण हेच असावे. आघात सर्वांत जोराचा बसतो तेथे, म्हणजे तंतूच्या पुढच्या एक-तृतीयांश भागाच्या टोकाशी, दोन्ही बाजूंना समोरासमोर या गाठी येतात. एकदाच जोराने ओरडल्याने रक्तवाहिनी फुटून येणारा मऊ फुगवटा मात्र बहुधा एकाच बाजूला असतो.

लहानपणी गाठी मुलग्यांत जास्त आढळतात आणि वयात येताना बहुधा विरतात. त्यांवर शस्त्रक्रियेची घाई करू नये. एचपीव्ही विषाणूच्या ६ व ११ या प्रकारांमुळे होणारे चामखिळीसारखे कोंब मात्र श्वासमार्ग अडवू शकतात. काही मुलग्यांचा आवाज स्वरयंत्र नीट वाढूनही फुटत नाही, म्हणजे लहानपणीसारखा उंचच राहतो. त्यांना स्वरोपचाराने लवकर गुण येतो. धूम्रपान करणाऱ्यांत तंतूंना सूज येते, कर्करोगही होतो. आवाज तीन-चार आठवडे बसलेला राहिला तर तपासणी टाळू नये.

डाव्या स्वरतंतूची चेता (मज्जातंतू) छातीत उतरून महारोहिणीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीच्या, कमानीला वळसा घालते. त्यामुळे फुप्फुसातील गाठीची पहिली खूण कधी कधी बसलेला आवाज ही असते. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेत कोणत्याही बाजूच्या चेतेला इजा होऊ शकते.

बोलताना आवाज मध्येच आवळून तुटतो, त्या आकडी-स्वरविकाराबद्दल दीर्घकाळ वाद होता. लुडविग ट्राउबे यांनी १८७१ मध्ये त्याचे वर्णन करताना तो मज्जाविकृतीतून, म्हणजे सौम्य मनोविकारातून, आलेला घोगरेपणा मानला. पुढे कित्येक दशके रुग्णांना मानसोपचाराकडे धाडले गेले. हर्बर्ट डेडो यांनी १९७६ मध्ये स्वरयंत्राची एक चेता छेदून आवाज सुटल्याचे दाखवले. हा मेंदूच्या स्नायुनियंत्रणातील बिघाड आहे, हे मत आज मान्य आहे. ताणाने तो वाढतो खरा. पण ताण हेच कारण मानणे रुग्णावर अन्याय करणारे होते. आता स्नायूत बोटुलिनम विषाची अल्प मात्रा टोचतात. तिचा परिणाम काही महिने टिकतो.

उतारवयात स्नायू बारीक होऊन तंतूंमध्ये फट राहते, आवाज पातळ व श्वासमिश्रित होतो. कंपवातात तो क्षीण व एकसुरी होतो.