बारा फक्त अष्टमानात अडतो

१२ चे अंक १ आणि २. बेरीज ३, आणि ३ ने १२ ला नि:शेष भाग जातो. आपल्याच अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या अशा संख्यांना दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी १९५५ मध्ये ‘हर्षद’ हे नाव दिले. हर्षद म्हणजे आनंद देणारी. डहाणूत १९०५ साली जन्मलेले, फर्ग्युसनमध्ये शिकलेले कापरेकर १९३० ते १९६२ शाळेत शिकवत होते आणि देवळालीत राहत होते.

त्यांच्या कामावर एक आक्षेप कायम घेतला गेला: हे गुणधर्म संख्येचे नाहीत, ती लिहिण्याच्या पद्धतीचे आहेत. माणसाला दहाऐवजी आठ बोटे असती, तर वेगळ्याच संख्या हर्षद ठरल्या असत्या.

आक्षेप खरा आहे, पण तो तिथेच सोडून देणे मला पटत नाही. १९५५ मध्ये आपली नाणीसुद्धा दशमान नव्हती. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै हा हिशेब १९५७ पर्यंत चालू होता. तेव्हा दहाचा पाया, म्हणजे दहा-दहाच्या गटांत मोजून लिहिण्याची पद्धत, बदलून पाहणे हाच या आक्षेपाला सरळ प्रतिसाद.

तसे केले की बारा वेगळाच दिसू लागतो. द्विमानात, म्हणजे दोनाच्या पायावर, तो ११००, बेरीज २. पाचाच्या पायावर २२, बेरीज ४. साताच्या पायावर १५, बेरीज ६. प्रत्येक वेळी भाग जातो. फक्त अष्टमानात, म्हणजे आठाच्या पायावर, तो १४ असा लिहावा लागतो, बेरीज ५ येते आणि भाग जात नाही. बारा अडतो तो या एकाच पायावर. कोणताही पाया घेतला तरी हर्षद राहणाऱ्या संख्या चारच: १, २, ४ आणि ६. म्हणजे पायावर न अवलंबून राहणारे काहीतरी या चौघींजवळ नक्की आहे.

कापरेकरांच्या स्वयंभू संख्यांची गोष्ट आणखी बोलकी. २१ मध्ये त्याच्या अंकांची बेरीज मिळवली की २४ तयार होते. अशा रीतीने कुठल्याच संख्येपासून तयार न होणारी ती स्वयंभू. उदाहरणार्थ २०, ३१, ४२. आता पाया विषम घ्या, समजा ९. एकक, नऊ, एक्क्याऐंशी अशा सगळ्या स्थानांच्या किमती विषम, त्यामुळे संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज दोन्ही सम किंवा दोन्ही विषम असतात. दोन्ही मिळवून येणारे उत्तर नेहमी सम. म्हणून तिथे झाडून सगळ्या विषम संख्या स्वयंभू ठरतात. दशमानातल्या विरळ संख्यांचे अप्रूप तिथे उरत नाही, पण कारण स्वच्छ कळते.

या स्वयंभू संख्यांना पुढे कोलंबियाचे बर्नार्डो रेकामान यांच्यामुळे १९७४ नंतर ‘कोलंबियन’ हेही नाव पडले, आणि आयव्हन निव्हेन यांच्या १९७७ च्या व्याख्यानानंतर हर्षद संख्यांना ‘निव्हेन’ म्हणू लागले. देवळालीचे नाव मागे पडले याची खंत वाटते.

निव्हेन या नावाखालीच १९९३ मध्ये कूपर आणि केनेडी यांनी सिद्ध केले की दशमानात सलग २० पर्यंतच हर्षद संख्या येऊ शकतात. त्यांना सापडलेल्या अशा मालिकेतली प्रत्येक संख्या ४,४०० कोटींहून अधिक अंकांची आहे. पुढच्याच वर्षी ग्रुंडमन यांनी कोणत्याही पायासाठी मर्यादा दिली: पायाच्या दुप्पट. द्विमानात ती चार.