शेजारच्या दीर्घिकांमधले अतितेजस्वी क्ष-किरण स्रोत (यूएलएक्स)

जवळपासच्या दीर्घिकांमध्ये, केंद्रापासून बाजूला दिसणारे आणि नुसत्या क्ष-किरणांतच सूर्याच्या एकूण तेजाच्या अडीच लाख पटींहून जास्त ऊर्जा बाहेर टाकणारे ठिपके म्हणजे यूएलएक्स. केंद्रापासून बाजूला ही अट मुद्दाम आहे, कारण केंद्रातलं महाकाय कृष्णविवर हा वेगळा विषय. असे ठिपके पहिल्यांदा नीट दिसले ते १९७८ साली सोडलेल्या आइन्स्टाइन वेधशाळेला, आणि १९८९ मधल्या जुसेपिना फाबियानो यांच्या आढाव्यात त्यांची दखल आहे. नाव मात्र बरंच नंतरचं, साधारण २००० च्या आसपास रुळलेलं. आधी कोणी सुपर-एडिंग्टन सोर्स म्हणायचं, कोणी आयएक्सओ (मधल्या तेजाच्या क्ष-किरण वस्तू).

ही बहुतेक जोडतारेच असतात. कृष्णविवर किंवा न्यूट्रॉन तारा (मोठ्या ताऱ्याच्या स्फोटानंतर उरलेला अतिदाट गाभा) शेजारच्या ताऱ्याचं द्रव्य ओढतो, ते आत पडताना लाखो अंशांपर्यंत तापतं आणि क्ष-किरण निघतात. हे किरण आपल्या वातावरणात शोषले जातात म्हणून दुर्बीण अवकाशातच न्यावी लागते. नव्या ताऱ्यांची निर्मिती जोरात असलेल्या दीर्घिकांत यूएलएक्स जास्त सापडतात, म्हाताऱ्या लंबवर्तुळाकार दीर्घिकांत कमी.

खरी गोम आहे एडिंग्टन मर्यादेत. द्रव्य पडून जो प्रकाश तयार होतो त्याचाच दाब पुढच्या द्रव्याला बाहेर ढकलतो, त्यामुळे तेजाला एक छत येतं, आणि ते वस्तुमानावर अवलंबून असतं : एका सूर्याइतक्या वस्तुमानाला अंदाजे ३३,००० सूर्यांचं तेज, म्हणजे १.४ सौर वस्तुमानाच्या न्यूट्रॉन ताऱ्याला फार तर ४६,००० सूर्य, आणि दहा सौर वस्तुमानाच्या कृष्णविवराला सव्वातीन लाखांच्या आसपास. यूएलएक्स यातल्या वरच्या आकड्यापाशी सुरू होतात आणि त्याच्या कितीतरी पुढे जातात. मर्यादा मोडत नाही असं धरलं तर दोनच वाटा राहतात. एक तर वस्तुमानच शेकडो-हजारो सूर्यांचं, म्हणजे मध्यम वजनाची कृष्णविवरं (कोलबर्ट आणि मशॉट्स्की, १९९९), नाहीतर वस्तू साधीच पण प्रकाश एका झोतात आपल्याकडे येतो म्हणून जास्त वाटतो (किंग आणि सहकारी, २००१). मध्यम वजनाची कृष्णविवरं ऐकायला आकर्षक, त्यामुळे बराच काळ लोकांचा ओढा तिकडेच होता. एम ८२ या दीर्घिकेतल्या एक्स-१ साठी २०१४ मध्ये क्ष-किरणांच्या जवळपास ठरावीक हेलकाव्यांवरून सुमारे ४०० सौर वस्तुमान काढलं गेलं, पण त्यासाठी आपल्या आकाशगंगेतल्या हलक्या कृष्णविवरांचा नियम तसाच वर ताणावा लागतो, त्यामुळे सगळ्यांना ते पटलेलं नाही. ईएसओ २४३-४९ या दीर्घिकेतला एचएलएक्स-१ त्यामानाने भक्कम दावेदार आहे, निदान ५०० सौर वस्तुमानाचा.

कलाटणी मिळाली तीही २०१४ मध्येच, आणि जवळजवळ योगायोगाने. जानेवारीत एम ८२ मध्ये (सप्तर्षी तारकासमूहात, सुमारे १.२ कोटी प्रकाशवर्षं दूर) सुपरनोव्हा दिसला, तो बघायला नूस्टार दुर्बीण तिकडे वळवली, आणि मातेओ बाकेत्ती यांच्या गटाला त्या डेटात १.३७ सेकंदांचे ठोके मिळाले, म्हणजे वस्तू फिरताना दर फेरीला येणारा क्ष-किरणांचा चढउतार. कृष्णविवराला पृष्ठभागच नसतो, असे घड्याळासारखे ठोके ते देणार कुठून, म्हणजे हा न्यूट्रॉन तारा, तोही मर्यादेच्या शंभरेक पट तेजस्वी! नूस्टारला एम ८२ मधले एक्स-१ आणि एक्स-२ हे दोन स्रोत वेगळे दिसत नाहीत, दोघांत पाचच विकला अंतर (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग), म्हणून एक्स-२ वर बोट ठेवायला अर्ध्या विकलेपर्यंत बघणारी चंद्रा दुर्बीण लागली (सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची, १९९९). नंतर एनजीसी ७७९३ मधला पी-१३ (०.४२ सेकंद) निघाला, मग एनजीसी ५९०७ मधला, ज्याचा फिरण्याचा काळ २००३ ते २०१४ मध्ये १.४३ वरून १.१३ सेकंदांवर आला आणि तेज मर्यादेच्या हजारपटीच्या घरात.

छत फुटतं कसं यावर एकमत नाही. चुंबकीय क्षेत्र प्रचंड असेल तर प्रकाशाचा दाब कमी पडतो हे एक मत. एम ५१ मधल्या यूएलएक्स-८ च्या वर्णपटात ४.५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेला शोषणरेषा दिसली (२०१८), म्हणजे चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या कणांनी ठरावीक ऊर्जेचे किरण गिळल्याची खूण, पण ती प्रोटॉनची धरली तर क्षेत्र १० चा १५ वा घात गॉस (चुंबकीय क्षेत्राचं एकक) आणि इलेक्ट्रॉनची धरली तर १० चा ११ वा घात, म्हणजे हजारो पटींचा फरक! नुसत्या झोतावर भिस्त ठेवणंही अवघड, कारण ठोके बरेच गुळगुळीत आहेत, अरुंद झोताचे असते तर टोकदार दिसले असते, आणि एम ८२ एक्स-२ ची अडीच दिवसांची कक्षा ज्या वेगाने आक्रसतेय त्यावरून वर्षाला सुमारे दीड पृथ्वीइतकं द्रव्य खरोखर सरकतंय असं निघतं. थोडाफार झोत असेल, पण मर्यादा खरंच ओलांडली जातेय या मताकडे पारडं झुकलेलं दिसतं. ठोके न दिसणं म्हणजे कृष्णविवर, असंही धरू नये. एक्स-२ चे ठोकेही कधी असतात, कधी नसतात.

वजन थेट मोजायचं तर जोडीदाराची कक्षा लागते. एम ३३ एक्स-७ (यूएलएक्स नव्हे, साधा जोडतारा) ग्रहणं देतो, म्हणून त्याच्या कृष्णविवराचं वजन साडेपंधरा सूर्यांच्या आसपास निघालं (२००७).

भारताच्या अॅस्ट्रोसॅटवरची (२०१५) मुंबईच्या टीआयएफआरमध्ये घडलेली सॉफ्ट एक्स-रे दुर्बीण चंद्राइतकं बारीक बघत नाही, एम ८२ सारख्या दाटीत तिचा उपयोग बेताचाच. एकटा स्रोत असेल तर मात्र अॅस्ट्रोसॅट कामाचा : छोट्या मॅजेलॅनी मेघाच्या (आपल्या शेजारची लहान दीर्घिका) कडेच्या आरएक्स जे०२०९ या स्रोताचे ९.३ सेकंदांचे ठोके त्याने टिपलेत.