‘भरधाव’ कोणी मोजलं?

कशेडी घाट असो, परशुराम असो की खेडजवळचा भोस्ते, अपघात झाला की आमच्याकडच्या पोर्टलांचं हेडिंग ठरलेलं असतं, ‘भरधाव कंटेनरने दुचाकीस्वाराला चिरडलं’. आता कंटेनर, दुचाकी आणि घाट ही झाली बातमी, पण भरधाव? वार्ताहर पोचतो तेव्हा कंटेनर आडवा पडलेला असतो, मग स्पीड बघितला कोणी? हे सरळ सरळ मत आहे, आणि अग्रलेखातलं मत आपण निदान मत म्हणून तरी वाचतो, हे मात्र गुपचूप गळी उतरतं.

एका शब्दाने काय होतंय, असं वाटत असेल तर 1974 सालचा एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग बघा, माझा फार आवडता आहे. विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताच्या फिल्म दाखवल्या आणि विचारलं, गाड्या एकमेकींवर ‘आदळल्या’ तेव्हा स्पीड किती होता? दुसऱ्यांना तेच, फक्त ‘आदळल्या’च्या जागी ‘टेकल्या’ असा सौम्य शब्द. जोरदार शब्दवाल्यांचं सरासरी उत्तर ताशी साधारण 66 किमी, सौम्यवाल्यांचं 51. फिल्म त्याच हां! खरी गंमत दुसऱ्या प्रयोगात आहे. आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? काच फिल्ममध्ये नव्हतीच. तरी ‘आदळल्या’ ऐकलेल्या 50 पैकी 16 जण हो म्हणाले, ‘धडकल्या’ (इथे सौम्य शब्द हा होता) ऐकलेल्या 50 पैकी 7, आणि ज्यांना स्पीडचा प्रश्नच विचारला नव्हता त्या 50 पैकी 6.

म्हणजे शब्द नुसता अंदाज वाढवत नाही, तो आठवणीतच जाऊन बसतो. आठवताना मेंदू रेकॉर्डिंग लावत नाही, डोळ्यांनी बघितलेलं आणि नंतर कानावर आलेलं एकत्र करून दर वेळी नव्याने जुळवतो, आणि त्यातलं कुठलं कुठून आलं हे त्याला बरेचदा वेगळं काढता येत नाही. म्हणून टपरीवरचा माणूस, ज्याने खरं तर आवाज झाल्यावर मान वळवली, तो मोबाईलवर बातमी वाचून दुसऱ्या दिवशी छातीठोक सांगतो, ‘शंभरच्या वर होता, मी बघितला ना!’ तो खोटं बोलत नाहीये, आणि हाच माणूस उद्या कोर्टात साक्षीदार.

दुसरं लाडकं हेडिंग ‘काळाचा घाला’. यात तर ड्रायव्हर, वळण, खड्डे, कंत्राटदार सगळेच सुटले, अडकला फक्त काळ. मग त्या वळणावर नारळ फुटायला लागतात, रिफ्लेक्टर लागायचे ते राहूनच जातात.

स्पीड काढता येतो की. ब्रेक लावून चाकं लॉक झाली की रस्त्यावर टायरचे वण उठतात, त्यांच्या लांबीला घर्षणाच्या गुणांकाने (रस्ता टायरला किती धरतो तो आकडा), गुरुत्वत्वरणाने आणि 2 ने गुणून वर्गमूळ काढायचं. सपाट कोरड्या रस्त्यावर (गुणांक 0.7 धरून) कारचा 20 मीटरचा वण म्हणजे ताशी साधारण 60 किमी, पावसाने ओल्या रस्त्यावर (0.4 धरला तर) तोच वण म्हणजे 45, आणि गाडी उतारावर असेल तर त्याहून कमी. हे गणित वार्ताहराने करावं असं नाही, पण कोणी टेप धरून मोजेपर्यंत ‘कंटेनर आणि दुचाकीची टक्कर’ एवढंच छापा ना.