जुगाराच्या व्यसनाची प्रश्नावलीद्वारे तपासणी

जुगाराचे व्यसन रक्ताच्या चाचणीत दिसत नाही आणि त्याचा वासही येत नाही. त्यामुळे ते ओळखण्यासाठी मुख्यतः माणूस स्वतःविषयी जे सांगतो त्यावरच विसंबावे लागते. या सांगण्याला शिस्त लावण्यासाठी प्रश्नावल्या तयार झाल्या. मात्र त्या संशयित व्यक्ती वेगळ्या काढणारी चाळणी आहेत. निदान ही त्यापुढची पायरी होय.

लेसियर आणि ब्लूम या संशोधकांनी 1987 मध्ये प्रसिद्ध केलेली ‘साउथ ओक्स गॅम्बलिंग स्क्रीन’ ही यांतील सर्वाधिक वापरली गेलेल्या प्रश्नावल्यांपैकी एक आहे. तिच्यात 20 गुणांपैकी 5 किंवा अधिक गुण मिळाल्यास विकृत जुगाराची शक्यता मानली जाते. यांतील तब्बल 9 गुण जुगारासाठी किंवा त्याचे देणे फेडण्यासाठी पैसे कुठून आणले, घरखर्चातून, जोडीदाराकडून, बँकेकडून की सावकाराकडून, यावर आहेत. म्हणजे उसनवारीला तिच्यात फार वजन आहे. शिवाय ती रुग्णालयातील रुग्णांच्या आधारे घडवलेली असल्यामुळे सर्वसाधारण लोकसंख्येत वापरल्यास व्यसनींची संख्या फुगवून दाखवते, असा आक्षेप घेतला जातो.

कॅनडात 2001 मध्ये पुढे आलेल्या ‘प्रॉब्लेम गॅम्बलिंग सेव्हेरिटी इंडेक्स’मध्ये मागील 12 महिन्यांविषयी 9 प्रश्न असतात. प्रत्येक उत्तराला ‘कधीच नाही’ (0) ते ‘जवळजवळ नेहमी’ (3) असे गुण दिले जातात आणि एकूण 8 किंवा अधिक गुण समस्याग्रस्त जुगार दर्शवतात. बेरजेच्या या पद्धतीत एक विसंगती उरतेच: आठ प्रश्नांना ‘कधीकधी’ म्हणणारा 8 गुणांनी सर्वांत वरच्या गटात जातो, तर हरलेले पैसे वसूल करण्यासाठी जवळजवळ नेहमीच दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळायला जाणारा आणि त्यासाठी जवळजवळ नेहमीच उसने घेणारा, बाकी उत्तरे नकारार्थी असल्यास, 6 गुणांवर मध्यम जोखमीच्या गटात थांबतो.

‘लाय-बेट’ या 1997 च्या चाचणीत दोनच प्रश्न आहेत: पैज वाढवत नेण्याची गरज वाटली का, आणि जवळच्या माणसांशी जुगाराबाबत खोटे बोलावे लागले का. येथेच या साऱ्या पद्धतीची अडचण उघडी पडते, कारण लपवाछपवी हे ज्या व्यसनाचे लक्षण, त्याच्याविषयी खरे बोलण्याची अपेक्षा त्याच माणसाकडून केली जाते.

व्यसन विरळ असल्याने चुकीचे संशयितही बरेच निघतात. समजा, हजारांत 10 जण खरोखर व्यसनी आहेत आणि चाचणी निर्व्यसनी व्यक्तींपैकी 5 टक्क्यांना चुकून व्यसनी ठरवते. तर ते दहाही जण सापडले तरी त्यांच्यासोबत सुमारे 50 निर्व्यसनी गोवले जातील.

म्हणून निदान प्रत्यक्ष मुलाखतीतून केले जाते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या ‘डीएसएम-5’ (2013) या मानसिक विकारांच्या निदान-पुस्तिकेनुसार 12 महिन्यांच्या काळात 9 पैकी किमान 4 निकष पूर्ण व्हावे लागतात. बेकायदा कृत्यांचा जुना निकष या आवृत्तीत वगळला गेला. उन्माद (मेनिया) या मनोविकाराच्या झटक्यातील बेफाम जुगार व्यसनात मोडत नाही. हा फरक गुणांच्या बेरजेतून कळत नाही, त्यासाठी रुग्णाचा पूर्वेतिहास विचारावा लागतो.