मृदा श्वसन आणि पाऊस (कोल्हापूर परिसर)

मातीतले सूक्ष्मजीव आणि मुळे श्वसन करून कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतात, त्याला मृदा श्वसन म्हणतात. पाने प्रकाशसंश्लेषणात तोच वायू शोषून घेतात. या जमा-खर्चावर एखादे रान वर्षाअखेर कार्बन साठवते की गमावते हे ठरते. पाणी दोन्हींना लागते, पण जाग दोन्हींना एकदम येत नाही. माती तासाभरात जागी होते, माळावरच्या गवताला हिरवे व्हायला आठवडा तरी जातो. म्हणून नुसता वर्षभराच्या पावसाचा आकडा या विषयात फार काही सांगत नाही. पाऊस कधी पडला आणि मध्ये उघडीप किती होती, हे आधी विचारावे.

कोल्हापूर जिल्ह्यात हे चांगले दिसते. गगनबावड्यात वर्षाला 5000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिथून पूर्वेला सुमारे शंभर किलोमीटरवरच्या शिरोळात त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाच. तरीही मे महिन्यात दोन्हीकडची न भिजवलेली जमीन वरून सारखीच कोरडी असते आणि वळवाच्या पहिल्या सरीला दोन्हीकडचे मृदा श्वसन एकदम उसळते.

या उसळीला बर्च परिणाम म्हणतात. पूर्व आफ्रिकेत केनियात काम करणाऱ्या एच. एफ. बर्च यांनी 1958 मध्ये वाळवून पुन्हा भिजवलेल्या मातीवरचा निबंध प्रसिद्ध केला, त्यावरून हे नाव पडले. भिजल्यावर काही तासांतच श्वसन कितीतरी पटींनी वाढते आणि काही दिवसांत ओसरते. कारणे एकापेक्षा जास्त आहेत. कोरड्यात तग धरण्यासाठी जिवाणूंनी पेशीत साठवलेली विद्राव्य द्रव्ये पाणी येताच बाहेर टाकली जातात, काही पेशी फुटतात, आणि उरलेले जिवाणू त्यावर ताव मारतात. शिवाय माती स्वतः उकलते. वाळलेले ढेकूळ पेल्यातल्या पाण्यात सोडले, की आतली कोंडलेली हवा बुडबुड्यांनी निघते आणि कडा सुटून ढेकूळ विरघळते. त्याच्या पोटात दडलेला सेंद्रिय कार्बन तेव्हा जिवाणूंच्या हाती लागतो. (पहिल्या पावसाचा वास कार्बन डायऑक्साइडचा नव्हे, त्या वायूला वासच नसतो. तो मुख्यतः मातीतल्या जिवाणूंनी तयार केलेल्या जिओस्मिनचा.)

बर्च यांचे लक्ष कार्बनइतकेच नत्राकडेही होते. त्याच उसळीत नत्र मोकळे होते, पण शेतात मुळेच नसतील तर पुढच्या धो-धो पावसात ते धुऊन जाते. भुदरगड, आजरा, चंदगड भागात रोहिणी नक्षत्राच्या सुमारास कोरड्यातच धूळवाफ भात पेरतात. रोप लवकर उभे राहत असल्याने यातले थोडे नत्र त्याच्या वाट्याला येऊ शकते.

सर किती मोठी, यावरही बरेच अवलंबून असते. तीन-चार मिलिमीटरची सर वरची एक-दोन सेंटिमीटर माती भिजवून दुसऱ्या दिवशी उडून जाते. जिवाणूंना तेवढे पुरते, मुळांपर्यंत काही पोहोचत नाही, म्हणजे निव्वळ खर्च. जमेची बाजू सुरू व्हायला ओल मुळांपर्यंत उतरून टिकावी लागते. मसाई पठारासारख्या जांभ्याच्या सड्यावर (सपाट, उघड्या खडकाळ माथ्यावर) शेवाळ आणि दगडफुलाचे हेच होते. भिजताच आधी पेशींच्या दुरुस्तीत कार्बन जातो, कमाई नंतर. मध्येच ऊन पडून ती वाळली तर तोटाच.

मोजण्याची जुनी, स्वस्त पद्धत अल्कलीची आहे. तळ नसलेला डबा दोन-तीन सेंटिमीटर जमिनीत दाबतात, आत तिवईवर 1 नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडचे 20 मिली द्रावण ठेवून 24 तास झाकतात. मातीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड ते शोषून घेते. नंतर बेरियम क्लोराइड घालून कार्बोनेट खाली बसवतात आणि फिनॉल्फ्थॅलीन (रंग बदलून खूण देणारे द्रव्य) टाकून 1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाने अनुमापन करतात, म्हणजे उरलेली अल्कली संपवायला किती आम्ल लागते ते मोजतात. तळ बंद असलेल्या कोऱ्या डब्यापेक्षा जितके मिली आम्ल कमी लागते, त्याला 22 ने गुणले की कार्बन डायऑक्साइड मिलिग्रॅममध्ये मिळतो. डबा आदल्या दिवशीच दाबून ठेवावा, नाहीतर नुकत्या तुटलेल्या मुळांमुळे आकडा फुगतो. आतले गवत कापावे, डब्यावर सावली करावी. नेहमी होणारी चूक मात्र वेगळीच: सर येते तेव्हा डबा झाकलेला असतो, आतली माती कोरडीच राहते, आणि ‘पावसाचा परिणाम नाही’ असा निष्कर्ष निघतो. तेवढेच पाणी झारीने आत घालावे. शिरोळ-हातकणंगल्याच्या चुनखडीयुक्त काळ्या मातीत काही वायू चुनखडीतूनही येतो, तो जिवाणूंच्या खात्यावर मांडू नये.

पश्चिमेकडे जुलैत प्रश्न उलटा होतो. मातीची छिद्रे पाण्याने भरतात. पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट हळू सरकतो, त्यामुळे श्वसन मंदावते, आणि ढगांमुळे पानांनाही उजेड कमी पडतो. पाणी साचलेल्या भातखाचरात मिथेन तयार होतो. वर्षाला साधारण 2000 मिलिमीटरच्या वर पाऊस असलेली उष्णकटिबंधीय जंगले कोरड्या महिन्यांतही प्रकाशसंश्लेषण टिकवतात, असे 2015 मधील उपग्रह-अभ्यासात दिसले. राधानगरी-दाजीपूरला हा आकडा जसाच्या तसा लावणे धोक्याचे. इथला पाऊस चार महिन्यांत कोसळतो, आणि सड्यावरच्या उथळ मातीत तो मावत नाही. दऱ्यांतल्या खोल मातीवरचे सदाहरित रान उन्हाळा काढते, माथ्यावरचे गवत दिवाळीनंतर वाळते.

कोरड्या प्रदेशांना कमी लेखण्याचे मात्र कारण नाही. 2011 मध्ये जगातल्या जमिनीने नेहमीपेक्षा बराच जास्त कार्बन शोषला, त्यात भरपूर पाऊस झालेल्या ऑस्ट्रेलियाच्या अर्धशुष्क भागाचा वाटा मोठा होता.

उसाच्या पट्ट्यात पाटपाण्यामुळे जमीन पूर्ण वाळतच नाही, म्हणून वळवाची उसळ तिथे बेताची. पाचट पेटवले तर त्यातला बहुतेक कार्बन तासाभरात हवेत जातो. खोडव्याच्या सरीत दाबले तर ते महिनोन्‌महिने कुजते आणि थोडा कार्बन मातीत राहतो. पंचगंगेच्या पुरात आठवडाभर बुडालेल्या फडात हे कुजणे हवेविना चालते. पाणी ओसरल्यावर वाफसा येईपर्यंत तिथे घेतलेले मोजमाप वेगळे ठेवावे, कोरड्या फडाच्या सरासरीत मिसळू नये.