विकास आराखडा (लहान शहरांचा)

विकास आराखडा म्हणजे शहराच्या हद्दीतली जमीन साधारण पुढच्या वीस वर्षांत कशासाठी वापरायची हे ठरवणारी कायदेशीर योजना. वस्ती कुठे होईल, रस्ते किती रुंद असतील, शाळा, दवाखाना, भाजी मंडई, बाग आणि स्मशानभूमी कुठे येतील, हे ती नकाशावर आणि सोबतच्या अहवालात नोंदवते. सरकारी कागदांत तिचे नाव ‘विकास योजना’, पण गावात सगळे ‘डीपी’च म्हणतात. महाराष्ट्रात ती ‘महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६’ या कायद्यानुसार होते. मुंबई-पुण्याच्या आराखड्यांवर पुष्कळ लिहिले जाते. इथे रोख लहान शहरांवर आहे, कारण तिथे चुकलेला आराखडा दुरुस्त करायला पैसा नसतो आणि काही वर्षांनी जागाही उरत नाही.

मुंबई इलाख्यात नगररचनेचे सल्लागार कार्यालय १९१४ मध्ये सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी देशातला पहिला नगररचना कायदा आला. त्यात शहराच्या एकेका तुकड्यापुरत्या योजना होत. संपूर्ण शहराचा आराखडा बंधनकारक झाला तो १९५४ च्या कायद्याने. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, १९९३ पासून, नगररचना हा विषय नगरपालिकांच्या यादीत घातला. तरी २५ ते ४० हजार लोकवस्तीच्या ‘क’ वर्ग नगरपालिकेत आराखडा स्वतः करण्याएवढी माणसे क्वचितच असतात. बहुतेक वेळा शासनाच्या नगररचना विभागाचा अधिकारीच तो करतो.

आधी नगरपालिका आराखडा करण्याचा इरादा जाहीर करते. मग प्रत्येक सर्व्हे नंबरवर आज काय आहे याचा विद्यमान जमीन वापर नकाशा तयार होतो, लोकसंख्येचा अंदाज बांधला जातो आणि त्यावरून शाळा किती, मैदाने किती, पाणी किती याचा हिशेब निघतो. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती व सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. त्या महिन्यात नगरपालिकेच्या व्हरांड्यात भिंतीवर नकाशा लागतो. माणसे त्यावर बोट फिरवत आपला गट नंबर शोधतात आणि एकमेकांना विचारतात, ‘आमच्यावर काय पडलंय?’ कायद्याच्या भाषेत सार्वजनिक कामासाठी जागेवर आरक्षण ‘ठेवले’ जाते. लोकांच्या तोंडी ते दुष्काळासारखे ‘पडते’. दोन एकरांतल्या दीड एकरावर मैदान आलेल्या शेतकऱ्याचा जीव त्या एका शब्दात असतो, आणि त्याची तक्रार खोटी नाही. मात्र त्या मैदानावर ज्यांची मुले खेळणार, ते भाडेकरू, हमाल, यंत्रमाग कामगार त्या रांगेत जवळजवळ नसतातच. सुनावणीला नियोजन समिती बसते. तिच्यात तीन लोकप्रतिनिधी आणि जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. तिच्यापुढे ‘आरक्षण काढा’ असे सांगणारे अर्ज ढीगभर येतात, ‘आमच्या पेठेत बाग ठेवा’ म्हणणारा एखादाच. लहान शहरांतल्या आराखड्यांची झीज इथून सुरू होते.

उरलेली झीज पैशाअभावी होते. आरक्षित जागा घ्यायला २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे शहरी भागातही बाजारभावाच्या सुमारे दुप्पट मोबदला लागतो. नगरपालिकेची मिळकत म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचे भाडे आणि शासनाचे अनुदान. त्यातून पगार आणि वीजबिल भागले तरी पुष्कळ. पैशांऐवजी टीडीआर, म्हणजे दुसरीकडे जादा बांधकाम करण्याचा विकता येणारा हक्क, देता येतो. पण चार मजल्यांवर कोणी बांधतच नसेल तिथे तो विकत कोण घेणार? आराखडा लागू होऊन दहा वर्षे उलटली की मालक कलम १२७ ची नोटीस देऊ शकतो. त्यानंतरच्या मुदतीत संपादनाचे पाऊल पडले नाही तर आरक्षण रद्द होते. ही मुदत पूर्वी सहा महिन्यांची होती, २०१५ पासून ती चोवीस महिन्यांची आहे. सभेत ठराव केला, पत्र पाठवले, एवढ्याने भागत नाही. पाऊल प्रत्यक्ष संपादनाचेच हवे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या ‘गिरनार ट्रेडर्स’ निकालात स्पष्ट केले. मालकाच्या बाजूने पाहिले तर हे न्याय्यच आहे. विक्री नाही, बांधकाम नाही, मोबदला नाही, अशी जमीन कोणी किती वर्षे सांभाळायची?

घरांच्या बाबतीत आराखडा सर्वांत तोकडा पडतो. मोठ्या प्रकल्पांत वीस टक्के क्षेत्र लहान घरांसाठी ठेवण्याची अट दहा लाखांवरच्या शहरांना आहे. छोट्या गावाला ती नाही. मग पिवळ्या पट्ट्यातला, म्हणजे निवासी विभागातला, मंजूर प्लॉट परवडत नाही तो माणूस हद्दीलगतच्या हिरव्या पट्ट्यात, म्हणजे शेती विभागात, गुंठा-दीड गुंठा घेतो. बऱ्याचदा तो व्यवहार साध्या स्टॅम्पवर नोटरी करून होतो. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. विकणाऱ्याने वीस फुटांचा रस्ता सांगितलेला असतो. घरांच्या पायऱ्या आणि न्हाणीघरे पुढे आली की तो दहा फुटांचा राहतो, आणि पाण्याचा टँकर कोपऱ्यावर अडकला की बायका घागरी घेऊन तिथवर येतात. सांगली-मिरजेला आणि छत्रपती संभाजीनगरला अशा वसाहती मोठ्या प्रमाणावर झाल्या. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने त्या नियमित करायला सुरुवात झाली आणि २०२१ च्या दुरुस्तीने मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना मिळाली. घर कायदेशीर होते ही मोठी गोष्ट आहे. पण न सोडलेली शाळेची जागा नियमित करून मिळत नाही.

पाणी तर आराखड्याच्या हद्दीत मावतच नाही. भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर असा केंद्राचा निकष आहे. ते कोणत्या धरणातून आणायचे हे नकाशा सांगत नाही. इचलकरंजीची लोकसंख्या २०११ मध्ये २ लाख ८७ हजार होती. शेजारची पंचगंगा दूषित, म्हणून पाणी कृष्णेवरून आणले. पुढे वारणेची योजना ठरली तेव्हा दानोळीने विरोध केला, दूधगंगेची ठरली तेव्हा सुळकूड आणि कागल परिसराने. गावांची भीती अशी की शहर वाढत जाईल आणि शेतीचा वाटा घटत जाईल.

संपादनाविना नगरपालिकेच्या पदरात पडू शकणारी एक जागा म्हणजे रेखांकनातली, म्हणजे प्लॉट पाडण्याच्या नकाशातली, दहा टक्के खुली जागा. एक एकराच्या आसपास किंवा त्याहून मोठी जमीन प्लॉट पाडायला निघाली की ती सोडावी लागते. तिला कुंपण घालून नोंद वेळेत केली नाही, तर दहा वर्षांनी तिथे कोणाचे तरी गोठे, पत्र्याचे शेड किंवा नवे रेखांकन उभे असते. सुधारित आराखड्याचे काम हाती घेताना पहिला तक्ता या जागांचा करावा लागतो : सर्व्हे नंबर, क्षेत्र, मंजुरीचे वर्ष आणि आज तिथे प्रत्यक्ष काय आहे.